शाश्वत गुंतवणूक: फंड निवडताना कोणतं काम आधी, कोणतं नंतर

शाश्वत गुंतवणुकीबद्दल मला येणारे प्रश्न बहुतेक एकाच साच्यातले असतात. ‘हा फंड चांगला आहे का?’ सोबत फॅक्टशीटचं (फंडाच्या माहितीपत्रकाचं) पहिलं पान, त्यावर पवनचक्की नाहीतर ओंजळीतलं रोपटं. मी विचारतो, ‘चांगला म्हणजे कशासाठी?’ आणि गाडी तिथेच अडते.

चूक क्रमात होते. लोक आधी नाव बघतात, मग रेटिंग, मग मागच्या वर्षाचा परतावा, आणि खरेदी करून मोकळे होतात. फंडात नेमक्या कोणत्या कंपन्या आहेत ती यादी उघडली तर उघडली, तीही तोटा दिसायला लागल्यावर. खाली हाच क्रम सरळ करून दिला आहे. दोन बैठकांत काम होतं. एक बैठक विचाराची, दुसरी आकड्यांची. एकाच रात्री सगळं उरकायला जाऊ नका.

हाताशी काय लागेल

फंडाची ताजी फॅक्टशीट, प्रॉस्पेक्टस (फंडाचे नियम सांगणारा अधिकृत दस्तऐवज), फंडातल्या सगळ्या कंपन्यांची संपूर्ण यादी (पहिल्या दहांची नव्हे) आणि फंड ज्या निर्देशांकाशी (ठरावीक कंपन्यांच्या शेअरांच्या मोजपट्टीशी) स्वतःची तुलना करतो त्याची तशीच यादी. शिवाय एक स्प्रेडशीट. यादी एकाच महिन्याची असू द्या. मार्चची एक आणि सप्टेंबरची दुसरी घेतली तर पुढचं सगळं गणित फसतं.

टप्पा १: पैसा मोकळा आहे ना?

हा टप्पा छोटा आहे, पण ओलांडता येत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे का? चढ्या व्याजाचं कर्ज फिटलं आहे का? हा पैसा निदान सात वर्षं लागणार नाही ना? तिन्हींना ‘हो’ नसेल तर लेख जपून ठेवा आणि आधी ते उरका. हिरवा असला तरी शेअर फंड हा शेअर फंडच असतो. बाजार पडला की तोही पडतो.

टप्पा २: हेतू एका वाक्यात लिहा

‘शाश्वत’ या एका शब्दाखाली तीन वेगवेगळी कामं चालतात, आणि एकाची अपेक्षा दुसऱ्याकडून केली की निराशा ठरलेली.

पहिलं काम म्हणजे नको त्या धंद्यात पैसा नको: तंबाखू, शस्त्रं, कोळसा, जे काही तुम्हाला खुपतं ते. हा तुमच्या मनाला पटण्याचा प्रश्न आहे, त्यातून जास्त परतावा मिळेलच असं कुणी सांगू शकत नाही. दुसरं काम जोखीम ओळखण्याचं. पाणीटंचाई, कार्बन कर, कामगारांचे खटले, खोटे हिशेब यांचा फटका बसू शकेल अशा कंपन्या टाळायच्या. तिसरं काम प्रत्यक्ष बदल घडवण्याचं, आणि ते सगळ्यांत अवघड.

अवघड का? तुम्ही बाजारात शेअर घेता तेव्हा पैसे कंपनीला जात नाहीत, आधीच्या शेअरधारकाला जातात. पवनऊर्जा कंपनीचा शेअर घेतला म्हणून एकही नवी पवनचक्की उभी राहत नाही. बदलाचे मार्ग मुख्यतः दोन: कंपनीला नवं भांडवल देणं, किंवा भागधारक म्हणून मतदान आणि दबाव. मे २०२१ मध्ये इंजिन नंबर वन या छोट्या फंडाने एक्झॉनमोबिल या तेल कंपनीच्या संचालक मंडळावर तीन जागा जिंकल्या, तेव्हा त्याच्याकडे कंपनीचे जेमतेम ०.०२ टक्के शेअर होते. मोठ्या पेन्शन फंडांनी त्याच्या बाजूने मतं टाकली म्हणून ते जमलं. शेअर विकून बाहेर पडलेल्यांना त्या सभेत मत नव्हतं.

आता वाक्य लिहा. ‘पर्यावरणासाठी चांगलं काहीतरी’ हे वाक्य चालणार नाही. ‘कोळशाच्या खाणींतून उत्पन्न मिळवणारी एकही कंपनी नको, त्यासाठी निर्देशांकापेक्षा थोडा कमी परतावा मिळाला तरी चालेल’ हे चालेल, कारण यादी समोर आली की ते तपासता येतं.

तपासा: वाक्य दुसऱ्याला वाचायला द्या. एखादी कंपनी त्यात बसते की नाही हे त्याला ठरवता आलं तर वाक्य पक्कं.

टप्पा ३: जागतिक आउटलुक वाचा, पण भाकितासाठी नाही

डिसेंबर–जानेवारीत बँका आणि फंडघराण्यांच्या आउटलुक अहवालांचा (येत्या वर्षाच्या अंदाजांचा) पाऊस पडतो. लोक त्यातलं भाकीत उचलतात. २०२३ साठी बहुतेकांनी अमेरिकेत मंदी येणार असं लिहिलं होतं. मंदी आली नाही आणि एसअँडपी ५०० हा तिथल्या मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक त्या वर्षात सुमारे २४ टक्के वर गेला.

मग वाचायचं कशाला? गृहीतकांसाठी. अहवाल घ्या आणि तीनच गोष्टी अधोरेखित करा: व्याजदर कुठे जातील असं धरलं आहे, इंधनाचे भाव कुठे, आणि सरकारी धोरण कुठल्या दिशेने. शाश्वत फंडांचं नशीब या तिघांशी बांधलेलं असतं. सौर आणि पवन प्रकल्पांचा जवळपास सगळा खर्च सुरुवातीलाच, कर्ज काढून होतो. पुढे इंधनाचा खर्च नाही. म्हणून व्याजदर चढले की अशा प्रकल्पांचं गणित इतरांच्या आधी बिघडतं. तेल महागलं की तेल कंपन्या नसलेला फंड मागे पडतो. २०२२ मध्ये एसअँडपी ५०० जवळपास २० टक्के घसरला, पण त्यातलं ऊर्जा क्षेत्र त्याच वर्षी ५० टक्क्यांहून अधिक चढलं. ज्यांनी तेल वगळलं होतं त्यांना घसरण पूर्ण सोसावी लागली आणि चढण मिळाली नाही. हा फंडाचा दोष नव्हे, तेल वगळण्याची किंमत आहे. ती आधीच माहीत असेल तर माणूस घाबरून विकत नाही.

धोरणाचंही तसंच. अमेरिकेच्या एसईसी या शेअर बाजार नियामकाने मार्च २०२४ मध्ये कंपन्यांसाठी हवामानविषयक माहिती देण्याचा नियम केला आणि महिन्याभरात स्वतःच त्याला स्थगिती दिली. उलट आयएसएसबी या आंतरराष्ट्रीय मानक मंडळाची, कंपन्यांनी शाश्वततेची माहिती कशी द्यावी हे सांगणारी एस१ आणि एस२ ही मानकं जून २०२३ मध्ये आली आणि अनेक देश ती स्वीकारत आहेत. वारा सगळीकडे एकाच दिशेने वाहत नाही.

सावधान: ‘शाश्वत गुंतवणुकीत इतके लाख कोटी’ असे आकडे वाचून हुरळू नका. जागतिक शाश्वत गुंतवणूक आघाडीच्या अहवालात २०२० चा आकडा ३५.३ ट्रिलियन डॉलर (१ ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी) होता, २०२२ चा ३०.३ ट्रिलियन. अमेरिकेतली मोजणीची पद्धत कडक केली आणि तिथला आकडा १७.१ वरून थेट ८.४ ट्रिलियनवर आला. मोठा बदल मोजपट्टीतच झाला होता.

‘जागतिक’ शब्दाचंही एकदा बघून घ्या. एमएससीआय या निर्देशांक आणि रेटिंग देणाऱ्या संस्थेच्या, विकसित देशांसाठीच्या वर्ल्ड निर्देशांकात अलीकडे सुमारे ७० टक्के वजन एकट्या अमेरिकेचं आहे. त्यावर बेतलेला शाश्वत फंड घेतलात तर मुख्यतः अमेरिकी कंपन्या, त्यांतही मोठा वाटा तंत्रज्ञान कंपन्यांचा, घेतल्यात असं समजा.

टप्पा ४: नाव आणि कायदेशीर वर्ग वेगळे करा

नावाचे नियम आता बरेच आवळले आहेत, पण ते नक्की काय सांगतात ते माहीत हवं. युरोपात ‘ईएसजी’ (पर्यावरण, समाज आणि कारभार यांची इंग्रजी आद्याक्षरं), ‘सस्टेनेबल’ असे शब्द नावात असतील तर फंडाचा किमान ८० टक्के पैसा त्या उद्दिष्टाला धरून हवा. नव्या फंडांना हे नोव्हेंबर २०२४ पासून लागू झालं, जुन्यांना मे २०२५ पासून. नाव पर्यावरणाचं असेल तर आणखी अटी येतात: दगडी कोळसा वा लिग्नाइटमधून १ टक्का किंवा अधिक, तेलातून १० टक्के किंवा अधिक, वायूतून ५० टक्के किंवा अधिक उत्पन्न असलेल्या कंपन्या बाहेर. ब्रिटनमध्ये जुलै २०२४ पासून चार ऐच्छिक लेबलं आहेत: फोकस, इम्प्रूव्हर्स, इम्पॅक्ट आणि मिक्स्ड गोल्स. ‘इम्प्रूव्हर्स’ म्हणजे आज स्वच्छ नसलेल्या, पण सुधारू शकतील अशा कंपन्या. हे न वाचता फंड घेतला की नंतर ‘यात ही कंपनी कशी?’ म्हणून डोक्याला हात लावायची वेळ येते.

युरोपातल्या एसएफडीआर या शाश्वत वित्ताच्या नियमातली कलम ८ आणि कलम ९ ही भानगड वेगळी. मार्च २०२१ पासून लागू झालेला तो नियम माहिती उघड करण्याचा आहे, गुणवत्तेचा शिक्का देण्याचा नाही. विक्रेत्यांनी त्याचा शिक्का करून टाकला. ‘कलम ८ चा फंड’ म्हणजे फक्त एवढंच, की फंड काही सामाजिक किंवा पर्यावरणीय वैशिष्ट्यांचा पुरस्कार करतो असं म्हणतो आणि ते कसं करतो हे त्याला लिहून द्यावं लागतं. शाश्वत गुंतवणूक हेच उद्दिष्ट सांगणारे फंड कलम ९ मध्ये येतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने ही रचना बदलून तीन स्पष्ट वर्ग करण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणून तुमच्या हातातला कागद कोणत्या तारखेचा आहे ते वरच्या कोपऱ्यात बघा.

तपासा: प्रॉस्पेक्टसमध्ये ‘वगळतो’ लिहिलं आहे की ‘विचारात घेतो’? दुसऱ्या शब्दप्रयोगाने फंड कशालाही बांधला जात नाही. विचारात घेऊनही तो शेअर विकत घेता येतो.

टप्पा ५: रेटिंग वाचा, पण कशाचं आहे ते कळल्यावर

इथे जाणकारही घसरतात. बहुतेक ईएसजी रेटिंग कंपनी जगाचं किती नुकसान करते हे सांगत नाहीत. पर्यावरण, समाज आणि कारभार यांतल्या गोष्टींमुळे कंपनीला किती आर्थिक धोका आहे, हे सांगतात. एमएससीआयची एएए (सर्वोत्तम) ते सीसीसी (सर्वांत वाईट) ही श्रेणी तर त्याच उद्योगातल्या इतर कंपन्यांच्या तुलनेत दिली जाते. त्यामुळे तेल कंपनीलाही चांगली अक्षरं मिळू शकतात आणि त्यात नियमाबाहेरचं काही नसतं. सस्टेनॅलिटिक्स या दुसऱ्या रेटिंग संस्थेचा आकडा उलटा चालतो. तिथे कमी तो चांगला, ४० च्या वर गंभीर धोका. एकाचं अक्षर आणि दुसऱ्याचा आकडा शेजारी ठेवून तुलना करणारे मी पाहिले आहेत.

रेटिंग संस्थांचं आपसांतही जमत नाही. सहा प्रमुख संस्थांच्या गुणांची तुलना झाली तेव्हा सरासरी सहसंबंध (१ म्हणजे पूर्ण एकमत) ०.५४ निघाला. कर्जाच्या पतमानांकनात तो १ च्या अगदी जवळ असतो. मे २०२२ मध्ये टेस्ला एसअँडपी ५०० ईएसजी निर्देशांकातून बाहेर गेली आणि एक्झॉनमोबिल आत राहिली. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनला डाऊ जोन्स शाश्वतता निर्देशांकात वाहन उद्योगात अव्वल ठरवलं गेलं आणि त्याच महिन्यात डिझेल गाड्यांच्या उत्सर्जन चाचणीतली फसवणूक उघडी पडली.

म्हणून रेटिंगचा उपयोग एकच: दोन संस्थांत मोठी तफावत दिसली की त्या कंपनीचं कारण शोधा. फंडाचं सरासरी रेटिंग पाहून निर्णय घेऊ नका.

टप्पा ६: यादी उघडा (दुसरी बैठक इथून)

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. हे मी स्वतः चुकून शिकलो. काही वर्षांपूर्वी एक शाश्वत फंड घेतला, दोन वर्षं समाधानात होतो, मग एकदा सहज यादी उतरवली. माझ्याकडे आधीपासून असलेल्या साध्या निर्देशांक फंडाच्या (निर्देशांकातल्या कंपन्या जशाच्या तशा घेणाऱ्या फंडाच्या) पहिल्या दहांपैकी आठ कंपन्या त्यात होत्या. मी तीच टोपली दुसऱ्यांदा, जास्त दराने घेतली होती.

करायचं असं. स्प्रेडशीटच्या पहिल्या रकान्यात कंपन्या, दुसऱ्यात फंडातलं वजन (टक्क्यांतला वाटा), तिसऱ्यात निर्देशांकातलं वजन. चौथ्यात दोघांपैकी लहान आकडा घ्या. एखाद्या कंपनीचं वजन फंडात ५ आणि निर्देशांकात ४ असेल तर चौथ्या रकान्यात ४. एका यादीत ती नसेल तर शून्य. शेवटी चौथ्या रकान्याची बेरीज करा. ही झाली दोघांतली समान टक्केवारी.

समजा बेरीज ८५ आली. म्हणजे तुमच्या १०० पैकी फक्त १५ खरोखर वेगळे आहेत. आता खर्च लावा. फंडाचा एक्स्पेन्स रेशो (वर्षाला कापला जाणारा खर्च) ०.७ टक्के आणि साध्या निर्देशांक फंडाचा ०.१ टक्का असेल, तर जादा ०.६ टक्के तुम्ही त्या १५ साठी देता. ०.६ भागिले ०.१५, म्हणजे वेगळ्या भागावर वर्षाला ४ टक्के. हा आकडा कुठल्याच फॅक्टशीटवर छापलेला नसतो.

आता टप्पा २ मधलं वाक्य घ्या आणि यादीवरून बोट फिरवा. पहिल्या दहा कंपन्या सगळेच बघतात. तुम्ही ऊर्जा, खाणकाम, वीजनिर्मिती आणि बँका हे गट वेगळे काढा. बँका का? कोळशाची खाण वगळणारे फंड खाणीला कर्ज देणारी बँक बहुधा ठेवतात. ते तुम्हाला चालतं की नाही हे तुम्ही ठरवा, पण माहीत असू द्या.

वगळण्याच्या अटीतली बारीक अक्षरंही याच वेळी बघा. ‘कोळसा वगळला’ म्हणजे किती उत्पन्नापासून पुढे: १ टक्का, ५ की ३०? फक्त खाणी, की कोळशावर वीज करणारेही? वीजनिर्मितीचा कोळसा, की पोलादाचाही? मोठ्या खाण कंपनीचा कोळसा एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के असेल तर ५ टक्क्यांच्या चाळणीतून ती आरामात पार होते, टनांमध्ये तो कोळसा डोंगराएवढा असला तरी.

सावधान: तुमच्या वाक्यात न बसणाऱ्या दोन–तीन कंपन्या सापडल्या म्हणून लगेच फंड फेकू नका. फंडघराण्याला लिहून विचारा. ‘आमची प्रक्रिया भक्कम आहे’ एवढंच उत्तर आलं, तर मात्र पुढचा फंड बघा.

टप्पा ७: कार्बनचा आकडा तोलून बघा

फॅक्टशीटवर ‘निर्देशांकापेक्षा ४० टक्के कमी कार्बन’ असं काही लिहिलेलं असतं. बहुधा ती भारित सरासरी कार्बन तीव्रता असते, म्हणजे दर दहा लाख डॉलर विक्रीमागे किती टन उत्सर्जन. या मोजमापाला एक भोक आहे. कंपनी वर्षाला १ लाख टन सोडते आणि विक्री २० कोटी डॉलर, तर तीव्रता ५००. पुढच्या वर्षी मालाचे भाव वाढले, विक्री २५ कोटींवर गेली, धूर तेवढाच. तीव्रता ४००. कागदावर २० टक्के सुधारणा, हवेत शून्य. म्हणून एकूण टनही बघा.

दुसरा प्रश्न: स्कोप ३ धरलं आहे का? स्कोप १ म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या धुराड्यातलं, स्कोप २ विकत घेतलेल्या विजेचं, स्कोप ३ पुरवठादारांपासून ग्राहकाच्या वापरापर्यंतचं. तेल किंवा मोटार कंपनीचं बहुतांश उत्सर्जन तिसऱ्यात येतं. पहिल्या दोनांवरच हिशेब असेल तर पेट्रोल जाळण्याचा धूर त्यात नाहीच. स्कोप ३ चे आकडे बरेचदा अंदाजे असतात, म्हणून दशांशात भेद काढत बसू नका.

टप्पा ८: रोखे घेणार असाल तरच

हरित रोखा म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी घेतलेलं कर्ज. त्यातली पहिली चूक: लोक प्रकल्पाकडे बघतात, कर्जदाराकडे नाही. पैसे सौर प्रकल्पासाठी घेतले असले तरी साधारणपणे परतफेड संपूर्ण कंपनी करते, आणि कंपनी बुडाली तर सौर पॅनेल तुम्हाला वाचवत नाहीत. दुसरी चूक: पैसे नव्या कामाला जातात असं धरणं. जुन्या प्रकल्पाचं कर्ज फेडायलाही ते वापरता येतात. रोख्याच्या आराखड्यात किती मागच्या वर्षांपर्यंतचे खर्च चालतात ते लिहिलेलं असतं.

शाश्वततेशी जोडलेले रोखे निराळे. त्यांत उद्दिष्ट चुकलं तर कंपनी जास्त व्याज देते, सहसा पाव टक्का. एनेल या इटालियन वीज कंपनीने २०१९ मध्ये असा पहिला रोखा काढला. पुढे २०२३ चं उत्सर्जनाचं उद्दिष्ट हुकलं आणि काही रोख्यांवर व्याज पाव टक्क्याने वाढलं. जरा गंमत बघा: कंपनी अपयशी ठरली की गुंतवणूकदाराला जास्त मिळतं.

टप्पा ९: खर्च आणि गर्दी

१ लाख गुंतवले, खर्चापूर्वी वर्षाला ७ टक्के मिळाले असं धरा. खर्च ०.२ टक्के असेल तर २० वर्षांनी सुमारे ३.७३ लाख, १.२ टक्के असेल तर सुमारे ३.०९ लाख. ६४ हजारांचा फरक.

गर्दीचं बघायचं ते एकाच विषयाच्या फंडांत. एसअँडपीचा जागतिक स्वच्छ ऊर्जा निर्देशांक २०२० मध्ये दुपटीहून जास्त झाला. तेव्हा त्यात सुमारे ३० कंपन्याच होत्या आणि फंडांतून येणारा पैसा त्या छोट्या टोपलीत ओतला जात होता. एप्रिल २०२१ मध्ये कंपन्यांची संख्या वाढवावी लागली. २०२१ ते २०२४ तो दर वर्षी घसरला. या काळात सौरऊर्जा जगभर वाढतच होती. धंदा वाढणं आणि शेअर वाढणं या दोन गोष्टी आहेत. असा फंड हवाच असेल तर एकूण गुंतवणुकीच्या ५ टक्क्यांपलीकडे मी जाणार नाही.

टप्पा १०: खरेदी, आणि त्याआधी विक्रीची अट

खरेदीच्या दिवशीच, घेण्याआधी, विक्रीची कारणं लिहा. ‘एक वर्ष परतावा कमी’ हे कारण यादीत नको. ही चालतील: वगळण्याची अट सैल केली, तुलनेचा निर्देशांक बदलला, समान टक्केवारी ९० च्या पुढे गेली, नाव तेच ठेवून धोरण बदललं. मग रक्कम सहा ते बारा हप्त्यांत घाला.

वर्षातून एकदा, ठरलेल्या महिन्यात, फक्त टप्पा ६ आणि ७ पुन्हा करा. हेतू बदल घडवण्याचा असेल तर फंडघराण्याचा मतदान अहवालही उतरवा. त्यात ‘क्लायमेट’, ‘एमिशन’ शोधा आणि भागधारकांच्या ठरावांवर किती वेळा बाजूने, किती वेळा विरोधात मत दिलं ते मोजा. विरोधात मत देणं हे आपोआप पाप नाही, काही ठराव खरंच कच्चे असतात. कारण दिलं आहे का, ते बघा. बोलणं आणि वागणं यांतल्या अंतरासाठी दंडही झाले आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये डीडब्ल्यूएस या जर्मन फंडघराण्याला, आपण ईएसजीचा विचार कसा करतो याबद्दल दिशाभूल करणारी विधानं केली म्हणून अमेरिकेत १.९ कोटी डॉलर भरावे लागले.

जुना फंड बदलणार असाल तर नवा पूर्ण तपासून होईपर्यंत जुना विकू नका. विकण्याआधी बाहेर पडण्याचं शुल्क आणि कर किती लागेल ते काढा. हा खर्च मोठा असेल तर जुन्यात नवे पैसे घालणं फक्त थांबवा आणि पुढचे हप्ते नव्यात वळवा.